नार्निया घरात आणताना: कुठलं पुस्तक आधी, कुठलं नंतर, आणि कुठे थांबलं तरी चालतं

सी. एस. लुइस यांची, नार्निया या काल्पनिक जगाच्या गोष्टींची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात, दरवर्षी एक या हिशेबाने, इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. आजही आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी कुणी कल्पनारम्य मालिका विचारली की हे नाव पुढे येतं. संच भेट म्हणून येतो, मूल पहिलं पुस्तक हावरटासारखं संपवतं, दुसऱ्याच्या मध्यावर अडकतं आणि संच फडताळात जातो. त्यात मालिकेचा दोष थोडा आणि क्रमाचा जास्त असतो. सातही पुस्तकं एका वयात, एका दमात वाचायची नसतात.

हा लेख पालकांसाठी, आणि वाचनालयात किंवा नात्यात कुणाला ही मालिका सुचवणाऱ्यांसाठी आहे. पुढे कथेतली वळणं उघड केली आहेत, तेव्हा तो मुलांच्या हाती देऊ नका.

१. आधी मूल बघा

ऐकण्यासाठी सात वर्षं पुरी असावीत. स्वतः वाचण्यासाठी नऊ-दहा, तेही इंग्रजी गोष्टींची सवय असेल तर. लुइस यांचं इंग्रजी अवघड नाही, पण ते १९५० च्या इंग्लंडचं आहे: लांब वाक्यं, मध्येच वाचकाशी गप्पा मारणारा निवेदक, आणि त्या काळच्या शाळकरी मुलांची बोली.

पुस्तक सुचवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, प्राण्याला इजा झालेली मुलाला सहन होते का? ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या पहिल्याच पुस्तकात अ‍ॅस्लन या सिंहाला बांधतात, त्याची आयाळ कापतात आणि त्याला मारतात. तो पुढच्याच प्रकरणात जिवंत होतो, पण मधली काही पानं जड आहेत. दुसरी, घरात कुणी गंभीर आजारी आहे का? ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या पुस्तकात डिगरी या मुलाची आई मरणाच्या दारात आहे आणि सगळी गोष्ट त्या भीतीभोवती फिरते. शेवटी ती बरी होते. लुइस नऊ वर्षांचे असताना त्यांची आई कॅन्सरने गेली होती, आणि ते दुःख त्या पानांत जाणवतं. ज्या घरात असा आजार चालू आहे तिथे हे पुस्तक नंतरसाठी ठेवा. गोष्टीत जादूचं फळ मिळतं, घरात मिळत नाही, आणि तो प्रश्न मूल विचारणारच.

दोन भावंडांना एकत्र वाचून दाखवणार असाल तर भीतीचं माप धाकट्याचं धरा.

२. कुठली प्रत घ्यायची

मुखपृष्ठ उलटून तीन गोष्टी तपासा. प्रत संक्षिप्त नसावी. दुकानात चित्रमय छोट्या आवृत्त्या आणि सिनेमावरून केलेली पुस्तकंही त्याच नावाने मिळतात, त्यांत लुइस यांची भाषा फारशी उरत नाही. झटपट खूण सांगायची तर पहिल्या पुस्तकात १७ प्रकरणं हवीत.

चित्रं पॉलीन बेन्स यांची असावीत. सातही पुस्तकांची मूळ रेखाटनं त्यांचीच आहेत. (त्यांच्या बालपणीची सुरुवातीची वर्षं आग्र्यात गेली होती.) हातावर शेपटी टाकून छत्री धरलेला टमनस त्यांच्या चित्रात बघितला की मुलाला ‘फॉन’ म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही: कमरेखाली बोकड, वर माणूस, डोक्यावर शिंगं.

तिसरी गोष्ट आकाराची. सातही पुस्तकं एकाच जाड खंडात मिळतात आणि ती स्वस्त पडतात, पण तो खंड झोपून वाचता येत नाही आणि टाइप बारीक असतो. मुलासाठी सुटी पुस्तकंच घ्या. खरं तर सुरुवातीला संचही नको, एकच पुस्तक घ्या.

भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. लुइस २२ नोव्हेंबर १९६३ रोजी गेले, म्हणजे भारतात त्यांचा मजकूर १ जानेवारी २०२४ पासून मुक्त आहे. बेन्स मात्र २००८ मध्ये गेल्या, त्यांची चित्रं मुक्त नाहीत. तेव्हा अगदी स्वस्तातली नवी प्रत दिसली तर ती बिनचित्रांची आहे का, आणि छपाई नीट आहे का, हे आधी पाहा. परदेशात मुदती वेगळ्या आहेत. ब्रिटनमध्ये तर अजून कॉपीराइट चालू आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक टीप. तिथे १९९४ च्या आधीचे जुने संच सेकंडहँड दुकानांत सापडतात. त्यांत चेटकिणीच्या लांडग्याचं नाव मॉग्रिम नसून फेन्रिस उल्फ असतं, कारण लुइस यांनी अमेरिकन आवृत्तीसाठी काही बदल केले होते. एका भावंडाकडे जुनी आणि दुसऱ्याकडे नवी प्रत असेल तर यावरून वाद नक्की होतो. दोघंही बरोबर असतात.

३. क्रम: पाठीवरचा आकडा विसरा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. आजच्या बहुतेक संचांवर १ आकडा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर असतो, कारण नार्नियाच्या जन्माची गोष्ट त्यात आहे. पण ते पुस्तक छापून आलं सहावं, १९५५ मध्ये. कथेतल्या काळानुसार आकडे घालण्याची पद्धत १९९४ पासून रूढ झाली.

आमचा सल्ला साफ आहे: प्रसिद्धीच्या क्रमाने वाचा. म्हणजे नव्या संचातली पुस्तकं पाठीवरच्या आकड्यांनुसार २, ४, ५, ६, ३, १, ७ अशी उचला:

‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०), ‘प्रिन्स कॅस्पियन’ (१९५१), ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ (१९५२), ‘द सिल्व्हर चेअर’ (१९५३), ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ (१९५४), ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ (१९५५), ‘द लास्ट बॅटल’ (१९५६).

कारण साधं आहे. पहिल्या पुस्तकातली ल्यूसी ही मुलगी कपाटात शिरते, कोटांमधून पुढे जाते, पायाखाली बर्फ लागतो आणि जंगलाच्या मधोमध एक दिव्याचा खांब जळताना दिसतो. तो तिथे का, हे तिलाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ आधी वाचलं तर खांब कुठून आला, कपाट कुठल्या लाकडाचं, म्हातारे प्रोफेसर कोण, सगळं आधीच कळलेलं असतं. बीव्हर हा बोलका प्राणी पहिल्यांदा अ‍ॅस्लनचं नाव घेतो तेव्हा निवेदक वाचकाला सांगतो की तो कोण हे मुलांना तुझ्याइतकंच माहीत नव्हतं. ज्याने आधी ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ वाचलंय त्याच्यासाठी हे वाक्यच खोटं पडतं.

कुणी म्हणेल, स्वतः लुइस यांनीच काळानुसार वाचा असं लिहिलं होतं. १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या मुलाच्या बाजूने कौल दिला, हे खरं. पण त्याच पत्रात क्रमाने फारसा फरक पडत नसेल असंही म्हटलं आहे. तो आदेश नव्हता. दुसऱ्यांदा वाचताना काळानुसार जरूर वाचा, तेव्हा मजाच येते.

४. पहिलं पुस्तक: रात्रींचा हिशेब

एक प्रकरण मोठ्याने वाचायला १५ ते २० मिनिटं लागतात, मध्ये मराठीत सांगत गेलात तर २५ ते ३०. आठवड्याच्या पाच रात्री धरल्या तर १७ प्रकरणं साडेतीन आठवड्यांत होतात.

पहिली दोन प्रकरणं एकाच बैठकीत वाचा. पहिलं प्रकरण अगदी छोटं आहे आणि ल्यूसी टमनसला भेटते तिथे संपतं. दुसऱ्यात त्याच्या गुहेतला चहा आणि त्याची कबुली येते. इथवर आलेलं मूल सहसा पुस्तक सोडत नाही.

सुरुवात करण्याआधी दोन मिनिटांत एवढंच सांगा: दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते म्हणून मुलांना आईवडिलांपासून दूर, खेड्यांत पाठवत असत, पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी ही चार भावंडं तशीच आलेली आहेत. पुस्तकात हे एका वाक्यात उरकलं आहे, कारण तेव्हाच्या वाचकांना ते घरचंच होतं. आपल्या मुलांना मात्र आईबाबा कुठे आहेत हा प्रश्न अर्ध्या पुस्तकभर छळतो.

चौथ्या प्रकरणात एडमंड ‘टर्किश डिलाइट’साठी भावंडांशी बेइमानी करतो. हा पदार्थ म्हणजे साखर, स्टार्च आणि गुलाबपाण्याचे मऊ, चिकट चौकोन. आपल्या कॉर्नफ्लोअरच्या हलव्याच्या खूप जवळचा. खायला आणलात तर मुलं बहुधा म्हणतील, ‘यासाठी?’ तेव्हा दोन गोष्टी सांगा. ब्रिटनमध्ये गोड पदार्थांवरचं रेशन फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं, म्हणजे हे पुस्तक आलं तेव्हा तिथल्या मुलांना मिठाई मोजून मिळत होती. आणि तो डबा मंतरलेला आहे: एकदा खाल्लं की थांबता येत नाही. हे दुसरं नीट सांगितलं नाही तर मूल एडमंडला कायमचा हावरट ठरवून मोकळं होतं आणि पुढे त्याला मिळालेली माफी त्याला पटत नाही.

१४ वं आणि १५ वं प्रकरण एकाच रात्री वाचा. अ‍ॅस्लन १४ मध्ये मरतो आणि १५ मध्ये परत येतो. मध्ये रात्र गेली तर मूल झोपत नाही. त्या दिवशी लवकर बसा, कमीत कमी पाऊण तास हाताशी ठेवा, आणि सोमवारी शाळा असेल तर रविवारी रात्री तर मुळीच नको.

आणि कपाट. लुइस पुन्हा पुन्हा बजावतात की कपाटात शिरल्यावर दार लावून घेणं हा मूर्खपणा आहे. हे वाक्य प्रत्येक वेळी मोठ्याने वाचा, गाळू नका. आपल्याकडच्या लोखंडी कपाटाचं दार बाहेरून बंद होतं, आतून उघडायला काही नसतं. पुस्तक चालू असेपर्यंत कपाटाला किल्ली लावून ठेवा.

५. इंग्रजी पुस्तक, मराठी घर

मराठी माध्यमातल्या मुलाला वाचून दाखवताना वाक्यागणिक भाषांतर करत बसू नका, गोष्ट मरते. वर्णनाचा परिच्छेद आधी मनात वाचा, मग मराठीत सांगा, आणि संवाद मात्र इंग्रजीतूनच, आवाज बदलून वाचा. चार-पाच प्रकरणांनंतर मूल स्वतःच इंग्रजी संवाद पकडायला लागतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशीचं प्रकरण आदल्या रात्री एकदा चाळून ठेवा. नावांचा उच्चार एकदा ठरवला की बदलू नका. अ‍ॅस्लन हा तुर्की शब्द, अर्थ सिंह. तो ‘अस्लन’ म्हटला तरी बिघडत नाही.

बीव्हरच्या घरचं जेवण, टमनसचा चहा, सार्डिन, टोस्ट अशी खाण्याची वर्णनं कापू नका. पुस्तकातली ऊब तिथे आहे.

६. पुढची पुस्तकं कशी घ्यायची

‘प्रिन्स कॅस्पियन’ इथे गाडी अडते. पहिली तीन प्रकरणं उत्तम आहेत: चौघं एका ओसाड बेटावर उतरतात आणि तिथले भग्न अवशेष आपल्याच राजवाड्याचे आहेत हे हळूहळू त्यांच्या लक्षात येतं. नार्नियात शेकडो वर्षं लोटलेली असतात. मग चौथ्यापासून सातव्यापर्यंत ट्रम्पकिन हा बुटका कॅस्पियनची कहाणी सांगतो आणि आपली चार मुलं गायब होतात. मुलाला वाटतं, पुस्तकच बदललं. म्हणून चौथं प्रकरण सुरू करताना सांगून टाका: ‘आता चार प्रकरणं ट्रम्पकिन बोलतोय, मुलं शेकोटीपाशी बसून ऐकतायत.’ तरीही कंटाळा आला तर पुस्तक बाजूला ठेवा, बाकीची गोष्ट दहा मिनिटांत तोंडी सांगा आणि पुढे जा. यात काही बिघडत नाही.

कारण पुढे ‘डॉन ट्रेडर’ आहे, आणि मोठ्याने वाचायला सातांमध्ये हेच सगळ्यात सोयीचं. जहाज बेटामागून बेट घेत पूर्वेला जातं, प्रत्येक बेटाची गोष्ट एक-दोन रात्रींत संपते. चिडखोर, तक्रारखोर युस्टेस सोन्याच्या लोभात ड्रॅगन होतो तो भाग सहाव्या-सातव्या प्रकरणांत आहे, आणि ज्यांना आधी काहीच आवडलं नाही अशी मुलंही तिथे सरसावून बसतात. रीपिचीप हा तलवारबाज उंदीर तर आहेच. १२ वं प्रकरण, जिथे वाईट स्वप्नं खरी होतात त्या काळोख्या बेटाचं, तेवढं दिवसा वाचा.

‘सिल्व्हर चेअर’ अंधारं आहे, बराचसा भाग जमिनीखाली घडतो, पण पडलगलम हा कायम वाईटाची अपेक्षा करणारा दलदलवासी मोठ्यांना सगळ्यांत जास्त हसवतो. शाळेतल्या दादागिरीने त्रासलेल्या मुलाला हे पुस्तक आवर्जून द्या. सुरुवात तिथूनच आहे. नवव्या प्रकरणात राक्षसांच्या स्वयंपाकघरात माणूस शिजवायची कृती सापडते. दहा वर्षांच्या मुलाला हे फार आवडतं, सहा वर्षांच्याला नाही.

‘हॉर्स अँड हिज बॉय’ वेगळ्याने उभं राहतं, आधीचं फारसं आठवावं लागत नाही, वेगही आहे. ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ विनोदी आहे; सहावं म्हणून वाचलं तर दिव्याच्या खांबाचा उलगडा होताना मूल ओरडतं.

‘लास्ट बॅटल’ दहा-अकराच्या आधी नको. या पुस्तकाला बालसाहित्याचं कार्नेगी पदक मिळालं, पण शेवटी नार्निया संपते आणि आपली मुलं रेल्वे अपघातात मरण पावली आहेत हे कळतं. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तिथे तर पालकांनी आधी स्वतः वाचल्याशिवाय देऊच नये. सहा पुस्तकांवर थांबलेलं घर काही गमावत नाही.

७. खटकणाऱ्या जागा

या लपवण्यात अर्थ नाही, मुलांना त्या दिसतातच.

नार्नियाच्या दक्षिणेला वाळवंटापलीकडे कॅलॉर्मेन नावाचं साम्राज्य आहे: सावळी माणसं, डोक्याला फेटे, वाकड्या तलवारी, गुलामगिरी आणि टॅश नावाचा भयानक देव. उत्तरेचे गोरे लोक मोकळे आणि सज्जन. आपल्या मुलाचा चेहरा यांपैकी कुणासारखा आहे हे त्याला कळायला वेळ लागत नाही. ‘हॉर्स अँड हिज बॉय’ वाचताना हे आपणहून बोला. त्याच पुस्तकातली अ‍ॅराव्हिस, म्हाताऱ्या नवऱ्याशी ठरवलेलं लग्न मोडून घोड्यावरून पळणारी शूर मुलगी, कॅलॉर्मेनचीच आहे, आणि ‘लास्ट बॅटल’मधला एमेथ हा टॅशचा प्रामाणिक भक्त अ‍ॅस्लनला मान्य होतो, हेही दाखवा. एवढ्याने तो साचा पुसला जात नाही. पण ‘लेखकाने असं का रंगवलं असेल’ हा प्रश्न विचारायला मूल शिकतं.

मुलींबद्दलही तसंच. फादर ख्रिसमस सुझनला धनुष्य आणि ल्यूसीला खंजीर देतो आणि वर सांगतो की लढाईत उतरायचं नाही. शेवटच्या पुस्तकात सुझन नसते, कारण तिला आता लिपस्टिक आणि पार्ट्यांमध्येच रस उरला आहे असं इतर म्हणतात. मुली यावर चिडतात, आणि बरोबर चिडतात. एवढं लक्षात आणून द्या की सुझन त्या अपघातात मेलेली नाही, आणि तिच्यासाठी दार कायमचं बंद झालं असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.

धर्माचा प्रश्न मोठ्यांनाच जास्त पडतो. लुइस श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि अ‍ॅस्लनचं मरण आणि पुन्हा उठणं येशूच्या कथेवर बेतलेलं आहे. वसई किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरातलं मूल ते चटकन ओळखेल. इतर घरांतली मुलं सिंहाची गोष्ट म्हणून वाचतात आणि त्यांना काही कमी पडत नाही. आधीच प्रवचन देऊ नका. ‘डॉन ट्रेडर’च्या शेवटी अ‍ॅस्लन म्हणतो की तुमच्या जगात माझं नाव वेगळं आहे. तिथे मूल विचारेल, तेव्हा सरळ उत्तर द्या.

८. सिनेमे आणि ऑडिओ

सिनेमे तीन: २००५, २००८ आणि २०१०. ज्या पुस्तकाचा सिनेमा, तो ते पुस्तक संपल्यावरच. पहिल्या सिनेमात शेवटचं युद्ध भव्य आहे. पुस्तकात ते थोडक्यात आटोपतं आणि बराचसा भाग नंतर पीटर सांगतो. आधी सिनेमा बघितलेलं मूल पुस्तकात युद्ध शोधत राहतं. तिसऱ्या सिनेमात हिरवं धुकं आणि सात तलवारींचा असा शोध घातला आहे, जो पुस्तकात नाहीच. ‘डॉन ट्रेडर’ आवडलेली मुलं त्यावर हिरिरीने टीका करतात, तो कार्यक्रम वेगळाच रंगतो.

इंग्रजी वाचताना स्वतःच्या उच्चारांबद्दल संकोच वाटणाऱ्या पालकांनी ऑडिओबुक वापरावं. हार्परकॉलिन्सच्या असंक्षिप्त संचात प्रत्येक पुस्तकाला वेगळा वाचक आहे: पहिल्याला मायकल यॉर्क, ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ला केनेथ ब्रॅना, ‘डॉन ट्रेडर’ला डेरेक जेकोबी, ‘लास्ट बॅटल’ला पॅट्रिक स्टुअर्ट. पहिलं पुस्तक साधारण साडेचार तासांचं आहे. एक प्रकरण ऐका, बंद करा, मराठीत दोन मिनिटं बोला, मग पुढचं लावा. हातात छापील प्रत असू द्या. आवाज पुढे गेला तरी बोट ओळीवर ठेवून मूल मागून येतं. आणि ऑडिओच्या ॲपमध्येही यादी बहुतेक वेळा ‘मॅजिशियन्स नेफ्यू’पासूनच लागते, तेव्हा सुरू करण्याआधी दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवायला विसरू नका.